पहिला कंटेनर कुठल्या बंदरात उतरवायचा? खानदेशातल्या नव्या आयातदारांसाठी

चीनमधल्या पुरवठादाराकडून दोन भाव येतात. एक सीआयएफ न्हावा शेवा (मुंबईजवळ, उरणला), दुसरा सीआयएफ मुंद्रा (कच्छात). सीआयएफ म्हणजे मालाची किंमत, विमा आणि जहाजभाडं धरून त्या बंदरापर्यंतचा भाव. मुंद्र्याचा आकडा थोडा खाली असतो आणि पहिल्यांदा माल मागवणारा माणूस तिथंच बोट ठेवतो. मीही ठेवलं होतं. जळगावच्या एमआयडीसीत पाइपचा छोटा कारखाना, पीव्हीसी रेझिनचा पहिलाच चाळीस फुटी कंटेनर, आणि बंदर म्हणजे जहाज लागतं ती जागा, यापलीकडे काही ठाऊक नाही. मुंद्र्यापासून आमच्या गेटपर्यंत आठशे किलोमीटरच्या वर रस्ता आहे हे मी नकाशावर पाहिलं, तेव्हा कंटेनर जहाजावर चढलेला होता. ट्रेलरवाल्यानं जाण्यायेण्याचं भाडं लावलं, कारण रिकामा डबा परत कच्छातच द्यायचा होता. भावात वाचलेलं सगळं त्यात गेलं, वर पदरचे गेले.

पुढे शेजारच्या दालमिलवाल्यांची, चटईवाल्यांची कागदं बघता बघता कामाचा एक क्रम हातात बसला. तो इथं मांडतो. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड, काढलेला आहे, जीएसटी नंबर आहे, बँकेत चालू खातं आहे, इतकं धरून चालतो. ते नसेल तर आधी ते करा, मग इकडं या.

बंदरामुळं काय बदलतं, काय नाही

ड्युटी बदलत नाही. न्हावा शेवा असो, सुरतेजवळचं हजिरा असो की मुंद्रा, दर एकच. समजा मालाची सीआयएफ किंमत १०,००,००० रुपये धरली गेली, मूळ सीमाशुल्क ७.५ टक्के आणि आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, १८ टक्के आहे. मूळ शुल्क ७५,०००. त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार ७,५००. आता १०,८२,५०० वर १८ टक्के म्हणजे १,९४,८५०. एकूण २,७७,३५० रुपये. यातला आयजीएसटी तुम्हाला क्रेडिट म्हणून परत मिळतो, माल गुजरातेत उतरला तरी. त्यासाठी गुजरातचा वेगळा जीएसटी नंबर लागत नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण धुळ्याच्या एका तेलमिलवाल्या आबांनी केवळ या भीतीपोटी वर्षभर हजिऱ्याकडं पाहिलंच नव्हतं.

‘अमक्या बंदरात ओळख आहे, कागद पटकन सुटतो’ हा सल्लाही आता जुना झाला. २०२० च्या जूनमध्ये बेंगळुरू आणि चेन्नईपासून फेसलेस असेसमेंट (समोरासमोर न येता ड्युटीची आकारणी) सुरू झालं आणि ऑक्टोबर अखेरपर्यंत देशभर लागू झालं. तुमचा माल उरणला पडलेला असतो आणि त्याचं वर्गीकरण, किंमत तपासणारा अधिकारी भलत्याच शहरात बसलेला असतो. तो कोण हे तुमच्या एजंटालाही, म्हणजे कागद करून माल सोडवणाऱ्या कस्टम ब्रोकरलाही, कळत नाही. त्याची शंका आइसगेट या कस्टमच्या पोर्टलवर येते, उत्तरही तिथूनच जातं.

मग बंदरामुळं बदलतं काय? दिवस. माल प्रत्यक्ष उघडून बघणं, नमुना काढणं, क्वारंटाइनवाल्यांचं येणं, गाडी लागणं, हे सगळं त्या जागेवरच होतं. आणि आयातीत पैसा जातो तो दिवसांनी. वरच्या उदाहरणातली ड्युटी वेळेत भरली नाही तर वर्षाला १५ टक्के व्याज लागतं, म्हणजे दिवसाला ११४ रुपये. तेवढ्याच उशिराला शिपिंग लाइन, म्हणजे जहाज कंपनी, डॉलरमध्ये डिटेन्शन (डबा उशिरा परत केल्याचं भाडं) लावते, आणि ते आकडे बघून ११४ रुपयांचं हसू येतं.

पायरी १: माल कोण अडवू शकतो, ते आधी शोधा

एचएसएन कोड, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाचा आकडा, पक्का करा. पुरवठादारानं दिलेला कोड तसाच उचलू नका. पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, पुढचे दोन आपले. आठ आकडी कोड हातात आला की डीजीएफटीच्या (केंद्राच्या विदेश व्यापार खात्याच्या) आयात धोरणात तो बघा: माल मुक्त आहे, निर्बंधित आहे, की काही अट आहे. या अटींतच कधीकधी बंदराचं नाव लिहिलेलं असतं.

वाटाण्याचं उदाहरण दालमिलवाले विसरणार नाहीत. डिसेंबर २०१९ मध्ये सरकारनं वाटाण्याच्या आयातीला किलोला २०० रुपये किमान किंमत लावली आणि वर अट घातली, की माल फक्त कोलकाता बंदरातूनच यावा. जळगावातल्या मिलवाल्याला कोलकाता म्हणजे देशाचं दुसरं टोक. डिसेंबर २०२३ मध्ये या अटी निघाल्या. मधल्या चार वर्षांत कुणी जुन्या सवयीनं पश्चिमेच्या बंदरावर वाटाणा बुक केला असता, तर माल सुटलाच नसता, पुढं ड्युटी भरण्याचा प्रश्नच आला नसता.

बंदराचं बंधन आणखी कशाकशाला आहे? औषधं आणि त्यांचा कच्चा माल ठरावीक ठिकाणांतूनच येतो. परदेशी बनावटीच्या गाड्याही. भंगार धातूला किरणोत्सर्ग तपासणीची सोय असलेलं बंदर लागतं. शेतमालाला, म्हणजे तूर, हरभरा, मसाल्याचे पदार्थ, लाकूड, प्लांट क्वारंटाइन ऑर्डर २००३ लागू होते. तिच्यात प्रवेशाची ठिकाणं अधिसूचित केलेली आहेत. लावणीसाठीचं बी-रोपं आणायचं असेल तर ही यादी फारच आखूड होते. रावेर-यावलकडून ऊतिसंवर्धित रोपांबद्दल मला विचारणा येते. त्या सगळ्यांना एकच सांगतो: आधी आयात परवाना, मग बंदर, आणि त्यानंतर भावाची बोलणी.

खाण्याचा माल असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, केंद्रीय परवाना हवा. काही बंदरांवर त्यांचे स्वतःचे अधिकारी बसतात, बाकी ठिकाणी कस्टमच्याच अधिकाऱ्याला ते अधिकार दिलेले असतात. एजंटाला सरळ विचारा: ‘माझा नमुना कुठल्या प्रयोगशाळेत जाईल, आणि तुमच्या मागच्या तीन कंटेनरांचा अहवाल किती दिवसांत आला?’ रसायनांनाही हाच प्रश्न. न्हावा शेव्याला कस्टमची स्वतःची प्रयोगशाळा आहे. जिथं ती नाही तिथून बाटली दुसऱ्या गावाला जाते आणि तुमचा कंटेनर तिची वाट बघत उभा राहतो.

क्वालिटी कंट्रोल ऑर्डरचंही बघा, म्हणजे ठरावीक मालाला भारतीय मानकाचं प्रमाणपत्र सक्तीचं करणारे आदेश. प्लास्टिक, स्टील, यंत्रं यांच्यावरचे हे आदेश लागू होतात, पुढं ढकलले जातात, मागेही घेतले जातात. मागच्या वर्षी चाललं म्हणून यंदा चालेल असं धरू नका. ऑर्डर द्यायच्या दिवशी ताजी स्थिती काढा.

ईपीसीजी किंवा अॅडव्हान्स ऑथरायझेशनवर, म्हणजे निर्यातीच्या बोलीवर ड्युटी माफ करणाऱ्या परवान्यांवर, माल आणणार असाल तर परवान्यावर नोंदणीचं बंदर छापलेलं असतं. दुसऱ्या बंदरातून आणायचं झालं तर वेगळी परवानगी लागेल का, ते आधी विचारा. परवाना मागतानाच बंदर ठरवून टाकलेलं बरं.

पायरी २: आपल्या गेटपासून उलटं मोजत जा

आपल्याकडं दोन वाटा आहेत आणि त्या धुळ्याला फुटतात. एक नाशिक, कसारा घाट, भिवंडी करत न्हावा शेव्याला. दुसरी साक्री, कोंडाईबारी, नवापूर करत सुरत-हजिऱ्याला. जळगावहून न्हावा शेवा सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास, हजिरा साडेतीनशेच्या आत-बाहेर. धुळेकरांना हजिरा अडीचशेला पडतं. नंदुरबार, शहादा, नवापूरवाल्यांनी तर हजिऱ्याचा भाव न घेता मुंबईकडं वळूच नये, असं माझं मत आहे. उलट चाळीसगाव-पाचोऱ्याकडचा कारखाना असेल तर हा फरक बराच आटतो.

पण किलोमीटरवर भाळू नका. न्हावा शेव्याला जगभरातून थेट जहाजं लागतात. हजिऱ्याला तुमच्या देशातून थेट सेवा आहे की माल कोलंबो, सिंगापूर किंवा जेबेल अलीला उतरवून दुसऱ्या जहाजावर चढतो, हे विचारा. मधल्या बंदरात डबा आठवडाभर पडून राहिला तर घाटातले वाचलेले शंभर किलोमीटर काही कामाचे नाहीत.

अजून एक खोच. थायलंड, व्हिएतनामसारख्या देशांकडून व्यापार करारातल्या सवलतीच्या दरानं माल आणत असाल, तर वाटेत तिसऱ्या देशात माल फक्त जहाज बदलण्यापुरता थांबला हे दाखवावं लागतं. त्यासाठी मूळ बंदरापासून भारतापर्यंतचा एकसलग बिल ऑफ लेडिंग (बीएल, जहाज कंपनीची मालाची पावती) हवा. २०२० पासून मूळदेशाच्या नियमांत आयातदारानं स्वतःकडं पुरावा ठेवायची जबाबदारी आली आहे. नुसतं सर्टिफिकेट दाखवून आता भागत नाही.

कंटेनर पूर्ण भरत नसेल, म्हणजे एलसीएलचा माल, तर फार विचार करू नका, न्हावा शेवा घ्या. माल एकत्र करून पाठवणारे सगळ्यात जास्त तिथले आहेत. दुसरीकडं तुमच्या चार पेट्या डबा भरायची वाट बघत बसतात. मशीनचा एखादा सुटा भाग तातडीनं हवा असेल तर सरळ विमानानं, सहारच्या एअर कार्गोवर.

पायरी ३: बंदरात उतरल्यावर डबा कुठं जाणार?

नवख्या माणसाला वाटतं, जहाजावरून डबा उतरला की आपली गाडी तिथं लागणार. तसं बहुतेकदा होत नाही. तीन प्रकार आहेत.

पहिला सीएफएस. बंदराबाहेर कंटेनर ठेवायची, उघडायची, तपासायची ही खासगी आवारं. न्हावा शेव्याला उरण-द्रोणागिरीच्या पट्ट्यात ती डझनावारी आहेत. तुम्ही आधी नाव कळवलं नाही तर शिपिंग लाइन आपल्या मर्जीच्या सीएफएसला डबा पाठवते आणि तिथलं दरपत्रक तुमच्या माथी येतं. सीएफएसचं भाडं, हाताळणी, तपासणीसाठी डबा हलवण्याचा खर्च प्रत्येक ठिकाणी वेगळा. जहाज यायच्या आधी एजंटाकडून सीएफएसचं नाव लेखी ठरवून लाइनला कळवा.

दुसरा डीपीडी, म्हणजे टर्मिनलवरूनच थेट उचल. सीएफएसचा खर्च वाचतो. पण तुमची ड्युटी भरलेली हवी, गाडी तयार हवी, आणि मुदत तासांत मोजलेली असते. मुदत चुकली की डबा सीएफएसला जातो आणि दोन्हीकडचा खर्च बसतो. जळगावहून ट्रेलर पाठवून हे गणित जमत नाही. कळंबोली-उरणकडचा स्थानिक वाहतूकदार बांधलेला असेल तरच डीपीडीच्या वाटेला जा. पहिल्या दोन-तीन खेपांना मी तरी नको म्हणेन.

तिसरा आयसीडी, कोरडं बंदर. बंदरातून डबा सीलबंद अवस्थेत रेल्वेनं किंवा रस्त्यानं आत येतो आणि कस्टमचं काम इथं होतं. आपल्याला जवळचं परिचित नाव छत्रपती संभाजीनगरजवळचं माळीवाडा. वापी पट्ट्यात टुंब आहे, इंदूरकडं तिही. यात एक फायदा कुणी सांगत नाही: बंदरापासून आयसीडीपर्यंतच्या वाहतुकीचा खर्च कस्टमच्या किमतीत धरला जात नाही, मूल्यांकनाच्या २००७ च्या नियमांत तसं लिहिलेलं आहे. बिलात तो वेगळा दाखवलेला असला पाहिजे, एवढंच. तोटा असा, की आयसीडीचं नाव यादीत असणं वेगळं आणि तिथं आठवड्याला किती रेक (कंटेनरच्या मालगाड्या) येतात हे वेगळं. रेक भरेपर्यंत डबा बंदरातच उभा राहतो. आयसीडी घेण्याआधी मागच्या महिन्यात तिथं माल आणलेल्या एका माणसाशी बोला. एजंटाशी नव्हे, आयातदाराशी.

पायरी ४: बिल ऑफ लेडिंगचा मसुदा वाचा

सगळ्या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. जहाज सुटण्याआधी पुरवठादार बीएलचा मसुदा पाठवतो. व्हॉट्सअॅपवर आलेला तो कागद मोठा करून वाचा. ‘पोर्ट ऑफ डिस्चार्ज’ आणि ‘प्लेस ऑफ डिलिव्हरी’ हे दोन वेगळे रकाने आहेत. माल न्हावा शेव्यालाच सोडवायचा असेल तर दोन्हीकडं तेच नाव. आयसीडीला न्यायचा असेल तर दुसऱ्या रकान्यात आयसीडीचं नाव, आणि तिथपर्यंतची वाहतूक लाइन करणार हे स्पष्ट. दुसऱ्या रकान्यात चुकून आयसीडीचं नाव राहिलं तर बंदरात तुमचं बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमला द्यायचं आयातीचं घोषणापत्र, चालत नाही. मग लाइनकडं अर्ज, मॅनिफेस्टमध्ये (जहाजावरच्या मालाच्या यादीत) दुरुस्ती, तिची फी, आणि तोवर डब्याचं भाडं.

बंदरांचे कोडही बघा. न्हावा शेवा आयएनएनएसए१, मुंद्रा आयएनएमयूएन१, हजिरा आयएनएचझेडए१, मुंबई गोदी आयएनबीओएम१. नुसतं ‘मुंबई’ लिहिलेला बीएल मी पाहिलाय. पुरवठादाराच्या लेखी मुंबई आणि न्हावा शेवा एकच. कस्टमच्या लेखी खाडीच्या अलीकडचं आणि पलीकडचं, दोन वेगळी ठाणी.

त्याच मसुद्यावर फ्री डेजही छापून घ्या. डिटेन्शन लागायच्या आधीचे हे मोफत दिवस बुकिंगच्या वेळी मागितले तर वाढवून मिळतात, माल आल्यावर मागितले तर कुणी दाद देत नाही. खानदेशासाठी मी १४ मागतो. टर्मिनलचे मोफत दिवस वेगळे आणि बरेच कमी असतात. दोन्हींची गल्लत करू नका.

पायरी ५: जहाज लागायच्या आधी बिल ऑफ एंट्री

कायदा असा, की जहाज येण्याच्या आदल्या दिवशीच्या अखेरीपर्यंत बिल ऑफ एंट्री दाखल झालं पाहिजे. सुट्टीचा दिवसही यात मोजला जातो. म्यानमारसारख्या जवळच्या काही देशांकडून येणाऱ्या जहाजांना थोडी सवलत आहे. बाकीच्यांना उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि त्यानंतर रोज १०,०००. चार दिवस उशीर म्हणजे २५,००० रुपये, तेही माल न बघता. तीस दिवस आधीपासून दाखल करता येतं, त्यामुळं सबब चालत नाही.

इथं बंदराचा संबंध असा: चीनहून जहाज लवकर पोचतं, आणि कागद बँकेमार्फत येत असतील तर ते जहाजाच्या मागून येतात. जवळचं बंदर आणि सावकाश बँक ही जोडी वाईट. पुरवठादाराकडून इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बीएल, मूळदेशाचं प्रमाणपत्र यांच्या प्रती आधीच मागवा. एजंट त्या कस्टमच्या ई-संचित प्रणालीवर चढवतो. मूळ कागद हातात नसतानाही बिल ऑफ एंट्री भरता येतं. मूळ बीएल लागतो तो लाइनकडून डिलिव्हरी ऑर्डर (माल ताब्यात द्यायची चिठ्ठी) घेताना.

एजंट त्याच बंदरात रोज काम करणारा असावा. परवाना असला की कस्टम ब्रोकरला इतर ठिकाणीही कळवून काम करता येतं, पण मुंबईचा माणूस हजिऱ्याला तिसऱ्याकडून काम करून घेतो आणि मधे एक फोन वाढतो. त्याच्या दरपत्रकात एजन्सी चार्ज बघू नका, ‘अॅक्च्युअल’ म्हणून खाली लिहिलेल्या ओळी बघा. प्रत्येक ओळीला पावती मागणार, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका.

पायरी ६: माल उघडला तर

सगळा माल उघडत नाहीत. जोखीम ठरवणारी संगणक प्रणाली काही बिलं तशीच सोडते, काहींचे कागद बघायला सांगते, काहींचा माल. नवा आयईसी, पहिलाच माल म्हटलं की तपासणी लागण्याची तयारी ठेवा. एखादं यंत्र नेमकं काय आहे हे कागदावरून सांगता येत नसेल तर ‘फर्स्ट चेक’ मागून घेता येतो, म्हणजे आधी तपासणी, मग असेसमेंट. बाँड, बँक गॅरंटी वगैरे द्यायची वेळ आली तर त्या बंदरातल्या तुरंत सुविधा केंद्रात.

एका दालमिलवाल्या आप्पांनी डाळ निवडायचं रंग ओळखणारं यंत्र मागवलं होतं, ज्याला मिलवाले सरसकट सॉर्टेक्स म्हणतात. कागद चोख, ड्युटी भरलेली. सीएफएसमध्ये डबा उघडला तर यंत्र लाकडी खोक्यात. अधिकाऱ्यानं खोक्याभोवती एक फेरी मारली, मग वाकून खालच्या फळ्या बघितल्या. बाहेरच्या लाकडावर गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह, देशाचा कोड आणि ‘एचटी’ असा शिक्का असायला हवा, म्हणजे लाकूड तापवून किडीमुक्त केलंय. शिक्का होता, पण चारपैकी दोनच बाजूंच्या फळ्यांवर. खालचे ठोकळे कोरे, आणि एका ठोकळ्याची साल तशीच. यंत्र लोखंडाचं, अडकलं लाकडाला. मग धुरी, तिचं प्रमाणपत्र, क्वारंटाइनची पुन्हा पाहणी. आठवडा गेला. आप्पा म्हणाले, ‘भाऊ, लाकूड फेकून द्या ना, मले मशीन पाहिजे.’ असं फेकता येत नाही.

तेव्हापासून मी पुरवठादाराला खोकं बांधल्यावर सहा बाजूंचे फोटो पाठवायला लावतो, खालच्या ठोकळ्यांसकट.

तूर-हरभऱ्याच्या डब्यात अधिकारी आधी दारातली पोती बघतात, मग मधली. दाराजवळचं पोतं ओलं असलं तर समजा चौकशी लांबली. पावसाळ्यात येणाऱ्या मालाला डब्यात ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगायला सांगा. निघतानाचं धुरीचं प्रमाणपत्र आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (माल कीड-रोगमुक्त असल्याचं) यांवरचा डबा क्रमांक बीएलशी अक्षर न अक्षर जुळतो का, ते माल निघायच्या आधी बघा. एक आकडा चुकला तर कागद दुसऱ्याच डब्याचा ठरतो.

तीस दिवसांत माल सोडवला नाही तर ज्याच्या आवारात तो पडलाय त्याला तो विकायला काढण्याची वाट कायद्यानं मोकळी होते. निकाल अडला असेल तर कलम ४९ खाली माल गोदामात ठेवायची परवानगी मागता येते. डबा रिकामा होतो, डिटेन्शन थांबतं. हे एजंट आपणहून फारसं सुचवत नाहीत.

पायरी ७: गाडी, घाट, रिकामा डबा

आउट ऑफ चार्ज, म्हणजे माल सोडायचा कस्टमचा हुकूम, मिळालं की माल तुमचा. बंदरातून सीएफएसला जाताना ई-वे बिल लागत नाही. तिथून तुमच्या गेटपर्यंत लागतं, बिल ऑफ एंट्रीच्या नंबरवर. निघण्याचं ठिकाण म्हणून सीएफएसचा पिनकोड टाका, कारखान्याचा नव्हे. या एका चुकीपायी सोनगढजवळ गाडी दिवसभर उभी राहिलेली मला माहीत आहे.

डबा तसाच कारखान्यात आणायचा, की सीएफएसमध्येच रिकामा करून माल ट्रकमध्ये भरायचा? रेझिनच्या पंचवीस किलोच्या पिशव्या, डाळीची पोती असतील तर मी बहुतेकदा ट्रकच धरतो. डबा लगेच लाइनला परत, डिटेन्शनची भानगड नाही, आणि ट्रक परतीच्या भाड्याला मोकळा. यंत्र असेल, किंवा पोती उचलताना फाटणारा माल असेल, तर डबा गेटपर्यंत आणा. पण आधी विचारा, रिकामा डबा कुठल्या यार्डात घेणार. हजिऱ्याला उतरवलेला डबा न्हावा शेव्याला परत मागणारी लाइन असते. तसं असेल तर जवळचं बंदर घेतल्याचा सगळा फायदा तिथंच संपतो.

काहींना वाटतं, आपल्याकडून केळी जाते, मग रिकामा डबा केळीवाल्याला देऊ. केळी रीफरमध्ये, म्हणजे थंड डब्यात, जाते, तुमचा डबा साधा. कापसाच्या गाठी किंवा सूत पाठवणारा निर्यातदार मात्र चालतो. लाइनची आगाऊ परवानगी असेल तर डबा इथंच भरून परत जातो आणि एका फेरीचं भाडं वाचतं. दिवाळीनंतर जिनिंग जोरात असतात तेव्हा हे जमवायला सोपं. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात मात्र डबा गेटवर येईल असं ठरवू नका. उतरवायला हमाल मिळणार नाहीत, आणि डिटेन्शनला आखाजी माहीत नाही.

शेवटी दोन कागद. बँकेला बिल ऑफ एंट्रीचा नंबर कळवून आयडीपीएमएस या आयातीच्या पैशांचा हिशेब ठेवणाऱ्या प्रणालीतली नोंद बंद करून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी पैसे पाठवताना बँक हात आखडते. आणि रिकामा डबा यार्डात जमा केल्याची पावती ड्रायव्हरकडून त्याच दिवशी घ्या. मी तिचा फोटो मागतो, तारीख आणि वेळ दिसेल असा, भाड्याची शेवटची रक्कम सोडण्याआधी.